तिसरी फेरी होऊ द्या : वार्धक्य आणि स्मृती यांच्या अभ्यासाविषयी विश्वस्त मंडळाला खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष, कार्यवाह आणि विश्वस्त मंडळाचे सर्व सदस्य,
सविनय नमस्कार.

आपल्या महाविद्यालयाच्या मानसशास्त्र विभागात ज्येष्ठ नागरिकांच्या स्मृतीचा, अवधानाचा आणि विचारशक्तीचा जो दीर्घकालीन अभ्यास चालू आहे, तो या शैक्षणिक वर्षाच्या अखेरीस बंद करावा, त्याची खोली संगणक प्रशिक्षण वर्गासाठी रिकामी करून द्यावी आणि तेथील जुने कागद निकाली काढावेत, असा आपला ठराव प्राचार्यांमार्फत माझ्या हाती आला आहे. ठरावात दोन कारणे दिली आहेत : या अभ्यासातून प्रसिद्ध होणाऱ्या शोधनिबंधांची संख्या अल्प आहे, आणि त्यातून संस्थेला कोणतेही आर्थिक उत्पन्न नाही. या ठरावावर मी रीतसर मार्गाने निवेदन दिले, भेटीची वेळ मागितली, स्मरणपत्रे पाठवली. उत्तर आले नाही, म्हणून आता हे पत्र सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे.

संस्थेचे नाव मी मुद्दाम लिहिलेले नाही. येथे जे घडले ते इतर महाविद्यालयांतही कमी-अधिक फरकाने घडते, आणि एका संस्थेची बदनामी करून माझे काम पुढे जाणार नाही. परंतु या अभ्यासासाठी ज्यांनी आपला वेळ, आपले घर आणि आपल्या मनातल्या अडचणी आमच्यासमोर खुल्या केल्या, ते शेकडो वृद्ध स्त्री-पुरुष पंचवटीत, नाशिकरोडला, सिडकोत, मालेगावात, निफाड आणि सिन्नरच्या गावांत, बागलाण-कळवणमध्ये आणि सुरगाणा-पेठच्या पाड्यांवर राहतात. हा निर्णय त्यांच्याशी संबंधित आहे आणि त्यांना तो अद्याप कोणी कळवलेला नाही.

माझे या विषयाशी नाते काय, हे आधी सांगते. मी मानसशास्त्र शिकले तेव्हा आमच्या अभ्यासक्रमात माणसाचा विकास बहुतांशी पौगंडावस्थेपाशी संपत असे. वृद्धापकाळ पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात येई आणि ते प्रकरण परीक्षेपूर्वी क्वचितच शिकवून होई. पीएच.डी.साठी विषय निवडताना महाविद्यालयीन विद्यार्थ्यांकडूनच प्रश्नावली भरून घ्यावी, म्हणजे माहिती लवकर गोळा होते, असा सल्ला मला अनेकांनी आपुलकीने दिला. माझे वडील नाशिकरोडच्या नोटांच्या मुद्रणालयातून निवृत्त झालेले होते. ओळखीच्या माणसाचे नाव आठवायला त्यांना वेळ लागे, दोन जण एकाच वेळी बोलू लागले की त्यांचा गोंधळ होई. मात्र जमिनीच्या जुन्या कागदपत्रांतली विसंगती ते आम्हा सर्वांच्या आधी हेरत. आजूबाजूचे लोक 'साठी बुद्धी नाठी' म्हणून मोकळे होत. एकाच माणसाची एक क्षमता मंदावते आणि दुसरी पूर्वीइतकीच धारदार राहते, हे कसे आणि कोणाच्या बाबतीत किती, या प्रश्नावर मी माझे अध्यापनाचे जवळजवळ सगळे आयुष्य घालवले आहे.

या प्रश्नाचा सर्वसाधारण नकाशा जगातल्या संशोधकांनी आखलेला आहे. रेमंड कॅटेल आणि जॉन हॉर्न यांनी प्रवाही आणि स्फटिकीभूत अशा दोन प्रकारच्या बुद्धिमत्ता मानल्या : नवा प्रश्न झटपट सोडवण्याची क्षमता वयाबरोबर उतरते, तर शब्दसंपत्ती आणि आयुष्यभर साठवलेले ज्ञान दीर्घकाळ टिकते, काहींच्या बाबतीत वाढतेही. टिमथी सॉल्टहाऊस यांनी १९९६ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार वृद्धांच्या अनेक अडचणींच्या मुळाशी मेंदूची माहिती हाताळण्याची मंदावलेली गती असते. परंतु माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचे काम वॉर्नर शाई यांचे आहे. त्यांनी १९५६ मध्ये अमेरिकेतील सिएटल येथे एक अभ्यास सुरू केला आणि त्याच माणसांना दर सात वर्षांनी पुन्हा तपासले. आजच्या पंचविशीतल्या आणि आजच्या सत्तरीतल्या माणसांची एकाच दिवशी तुलना केली, तर घसरण फार लवकर सुरू होते असे दिसते. त्याच माणसांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला, तर बऱ्याच क्षमता साठीच्या आसपासपर्यंत टिकून राहिलेल्या आढळतात. या दोन निष्कर्षांतले बरेचसे अंतर वयाचे नसून पिढीचे असते. दोन पिढ्यांना मिळालेली शाळा, आहार, औषधोपचार आणि कामधंदा वेगवेगळा असतो.

नाशिक जिल्ह्यात हे अंतर किती मोठे असेल, याची कल्पना आपल्याला माझ्यापेक्षा अधिक आहे, कारण आपल्या संस्थेच्या ग्रामीण शाळांतून कोणत्या घरांतली पहिली पिढी शिकली हे आपण पाहिले आहे. आजी कधीच शाळेत गेली नाही, मुलगी सातवीपर्यंत शिकली आणि नात अभियंता झाली, अशी कुटुंबे आपल्याकडे गावोगावी आहेत. या आजीची आणि नातीची एकाच चाचणीवर तुलना करून वार्धक्याविषयी काही सांगणे म्हणजे आजीला न मिळालेली शाळा मोजणे आहे. आजीची तुलना आजीच्याच पूर्वीच्या कामगिरीशी व्हायला हवी. आमचा अभ्यास त्यासाठी उभा राहिला. त्यात त्याच माणसांच्या तपासणीच्या दोन फेऱ्या झाल्या आहेत, तिसरी व्हायची आहे.

तिसऱ्या फेरीबद्दल मी इतका आग्रह का धरते, हे येथे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण ठरावात 'दोन फेऱ्या पूर्ण झाल्या असल्याने पुरेशी माहिती उपलब्ध आहे' असे वाक्य आहे. हे वाक्य शास्त्रीयदृष्ट्या चुकीचे आहे. कोणतीही चाचणी दुसऱ्यांदा देताना माणसाला पहिल्या खेपेचा सराव उपयोगी पडतो. आपल्याला शब्दांची यादी आठवायला सांगणार आहेत, काही वेळाने तीच यादी पुन्हा विचारणार आहेत, हे त्याला ठाऊक झालेले असते. परक्या माणसासमोर उत्तर देण्याचा संकोचही कमी झालेला असतो. हा फायदा पहिल्या आणि दुसऱ्या फेरीच्या दरम्यान सर्वाधिक असतो. त्यामुळे दुसऱ्या फेरीत एखाद्याचे गुण तेवढेच राहिले, तर त्याची स्मृती टिकली आहे की घसरलेली स्मृती सरावाने झाकली गेली आहे, हे दोन फेऱ्यांवरून सांगता येत नाही. तिसऱ्या मोजणीनंतरच घसरणीची दिशा आणि वेग यांविषयी काही विश्वासाने बोलता येते. याशिवाय प्रत्येक फेरीत काही जण गळतात, आणि जे गळतात ते बहुधा अधिक आजारी, अधिक एकटे असतात. त्यांच्याविषयी कुटुंबीयांकडून माहिती घेऊन ही उणीव भरावी लागते, नाहीतर उरलेल्या धडधाकट माणसांवरून सगळ्यांविषयी चुकीचा आशावादी निष्कर्ष निघतो. हे काम आता थांबवून पाच वर्षांनी निधी मिळाल्यावर पुन्हा सुरू करता येणार नाही, कारण त्या वेळी यांतली अनेक माणसे हयात नसतील.

चाचण्यांविषयीही लिहायला हवे, कारण त्या तयार करण्यात आमची बरीच वर्षे गेली आणि ठरावात त्या वर्षांचा उल्लेख 'निष्पत्ती नाही' असा झाला आहे. मार्शल फोलस्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेली तीस गुणांची छोटी मानसिक परीक्षा जगभर वापरली जाते. ती अमेरिकेतल्या रुग्णालयात तयार झाली. तीत आजची तारीख सांगायची असते, आपण कितव्या मजल्यावर आहोत ते सांगायचे असते, एक वाक्य लिहायचे असते, एकमेकांत गुंतलेल्या दोन पंचकोनांची नक्कल काढायची असते. ज्या बाईने कधी पेन्सिल हातात धरली नाही, जिच्या घराला मजला नाही आणि जी दिवस तिथीने आणि आठवडे बाजाराने मोजते, तिला या परीक्षेत कमी गुण पडले म्हणून तिची बुद्धी क्षीण झाली असे म्हणणे अन्याय आहे. हरियाणातील बल्लभगड येथे मेरी गांगुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरक्षर वृद्धांसाठी हिंदीत सुयोग्य परीक्षा तयार केली, ती १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली आणि आमच्या पिढीला त्या कामाने वाट दाखवली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने पुढे बोधनिक, म्हणजे स्मृती, अवधान आणि विचारशक्ती मोजणाऱ्या, चाचण्यांचा एक संच विकसित केला. २०२० मध्ये तो प्रसिद्ध झाला तेव्हा हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भाषांत होता. मराठी त्यात नव्हती. अहिराणी आणि सुरगाणा-पेठकडची कोकणा बोली बोलणाऱ्यांचा तर विचारच दूर.

आम्ही बागलाण आणि कळवणमध्ये अहिराणीतून, सुरगाणा आणि पेठमध्ये तेथील बोलीतून, मालेगावात उर्दूतून चाचण्या घेतल्या. त्यासाठी त्याच गावांतून आलेल्या आपल्या विद्यार्थ्यांना आम्ही प्रशिक्षण दिले. हिशेबाचे प्रश्न बाजारातल्या देण्याघेण्याचे केले, चित्रांत घरात आणि शेतात दिसणाऱ्या वस्तू घेतल्या. वय ठरवणे हेदेखील स्वतंत्र काम होते. कागदोपत्री असंख्य माणसांचा जन्म १ जूनचा असतो, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी ती तारीख लिहिली. जी शाळेत गेलीच नाहीत, त्यांच्या आधारकार्डावरचे वर्ष अंदाजाने लिहिलेले असते. वयात पाच-सात वर्षांची चूक राहिली, तर त्या वयाला अपेक्षित असलेले गुणही चुकतात. म्हणून आम्ही १९५६, १९६८ आणि १९८० या सिंहस्थांच्या आधाराने विचारले, १९७२च्या दुष्काळात खडी फोडायला जात होता तेव्हा पदरी किती मुले होती असे विचारले, आणि उत्तरे एकमेकांशी ताडून पाहून वय निश्चित केले. एका व्यक्तीसाठी यात कधी कधी अख्खी सकाळ जाते. या कामाचा स्वतंत्र शोधनिबंध होत नाही, पण ते झाल्याशिवाय पुढच्या कोणत्याही शोधनिबंधाला अर्थ नसतो.

आता माझ्या तक्रारी लिहिते.

पहिली तक्रार मोजमापाची आहे. वर्षाला किती शोधनिबंध, या एकाच पट्टीने आपण हा अभ्यास मोजला. जो अभ्यास माणसे म्हातारी होण्याच्या गतीने चालतो, तो दरवर्षी निकाल देऊ शकत नाही. आपल्यापैकी काही जण स्वतः द्राक्ष बागायतदार आहेत. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वेलीला घड येत नाहीत, ती छाटणी काडी तयार होण्यासाठी असते आणि माल ऑक्टोबरच्या छाटणीनंतर धरतो, हे आपल्याला मी सांगायला नको. एप्रिलनंतर घड दिसले नाहीत म्हणून निफाडचा किंवा दिंडोरीचा कोणता शेतकरी बाग तोडतो? शिवाय ज्या पट्ट्यांनी आम्हाला मोजले गेले त्या स्वतःच टिकल्या नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये मान्यताप्राप्त नियतकालिकांची 'केअर' यादी आणली, तिच्याबाहेरचे लेखन आमच्या प्राध्यापकांनी जवळजवळ सोडून दिले, आणि २०२५ मध्ये आयोगानेच ती यादी बंद केली. या काळात आमच्या हातात राहिले ते गावोगावी गोळा केलेले साहित्य, आणि आपण निकाली काढायला सांगत आहात ते हेच साहित्य आहे.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे आणि ती दिलेल्या शब्दाची आहे. प्रत्येक सहभागी व्यक्तीकडून आम्ही संमतीपत्र घेतले. त्यावर माझे नाव खाली आहे, वर संस्थेचे नाव आणि बोधचिन्ह आहे. आम्ही पुन्हा येऊ, तुमच्या तब्येतीविषयी काही काळजीचे आढळले तर तुम्हाला किंवा तुम्ही सांगाल त्या नातेवाइकाला कळवू, तुमची माहिती कोणाच्या हाती पडू देणार नाही, असे त्यात लिहिले आहे आणि ज्यांना वाचता येत नव्हते त्यांना ते साक्षीदारासमोर वाचून दाखवून मग अंगठा घेतला आहे. हा शब्द संस्थेने दिला आहे. आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ची राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वे बौद्धिक क्षमता क्षीण झालेल्या व्यक्तींना असुरक्षित गटात धरतात आणि त्यांच्यासाठी अधिक संरक्षण मागतात. पहिल्या फेरीत ज्यांनी पूर्ण समजून संमती दिली, त्यांच्यापैकी काहींना आज आपण कशाला संमती दिली होती हे आठवणार नाही. ही शक्यता धरूनच आम्ही त्यांच्याकडून सुरुवातीलाच विश्वासातल्या एका नातेवाइकाचे नाव घेऊन ठेवले होते. ज्यांची आठवण उणावत चालली आहे त्यांना दिलेला शब्द, त्यांना आठवत नाही म्हणून मोडता येत नाही.

'जुने कागद निकाली काढावेत' या वाक्याने मला सर्वाधिक दुःख झाले. त्या कपाटांत उत्तरपत्रिका आहेत, घड्याळाची आणि चौकोनांची थरथरत्या हाताने काढलेली चित्रे आहेत, कोणाला रात्री झोप लागत नाही, कोणाला मुलाच्या घरी बोलायला माणूस नाही, कोण पैशांचा हिशेब विसरू लागला आहे, हे सगळे लिहिलेले आहे. हे कागद रद्दीत जाणे ही त्या माणसांच्या खासगी आयुष्याची विटंबना ठरेल. नैतिकता समितीला विचारल्याशिवाय त्यांतील एकही पान हलवले जाऊ नये.

तिसरी तक्रार तरुण सहकाऱ्यांची आहे. पूर्वी एम.फिल.चे विद्यार्थी अशा कामात शिकत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमावलीने ती पदवी बंद झाली. विभागातली रिकामी पदे भरली गेली नाहीत आणि अध्यापनाचा मोठा भाग तासिका तत्त्वावर नेमलेल्या शिक्षकांवर आला. क्षेत्रकामाला सवड मिळते ती उन्हाळ्याच्या सुट्टीत, आणि सुट्टीत तासिका नसल्याने या शिक्षकांना मानधन नसते. तरीही आमच्या दोन्ही फेऱ्यांत त्यांनी एप्रिल-मेच्या उन्हात पाडे आणि वस्त्या पालथ्या घातल्या. त्यांच्यापैकी एकीचा पीएच.डी.चा प्रबंध सर्वस्वी तिसऱ्या फेरीवर अवलंबून आहे. आपला ठराव करताना तिचे काय होईल, हे कोणी विचारले का? वार्धक्याच्या मानसशास्त्रात काम करू इच्छिणाऱ्या मुलामुलींना मी आता काय सांगू, हाही माझ्यापुढे प्रश्न आहे, कारण या विषयात माणूस घडायला दहा-पंधरा वर्षे लागतात आणि एवढा धीर धरण्यासाठी त्यांच्या पायाखाली काहीतरी स्थिर असावे लागते.

माझ्या कानावर असेही आले आहे की, हे वैद्यकीय काम आहे, मानसशास्त्र विभागाने ते करण्याचे कारण नाही, असा मुद्दा बैठकीत निघाला. या मुद्द्याला मी आदराने उत्तर देते. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये भारतातील वार्धक्याच्या दीर्घकालीन अभ्यासाची पहिली फेरी केली, तीत ४५ वर्षे आणि त्यापुढील व्यक्ती व त्यांचे जोडीदार मिळून ७२ हजारांहून अधिक जण होते. त्याला जोडून झालेल्या स्मृतिभ्रंशाच्या निदानाच्या अभ्यासावरून २०२३ मध्ये असा अंदाज प्रसिद्ध झाला की, साठीपुढील भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्ती स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत. हा आकडा मोठा आहे आणि त्यांना डॉक्टरच लागतील. परंतु याच आकड्याची दुसरी बाजू अशी की, शंभरांतल्या नव्वदांहून अधिक वृद्धांना स्मृतिभ्रंश नाही. त्यांचे विसरणे कुठपर्यंत वयाला साजेसे आहे आणि कुठून पुढे काळजीचे आहे, ही सीमा निरोगी वृद्धांचा अभ्यास करूनच आखावी लागते, आणि ते मानसशास्त्राचे काम आहे. कळवणच्या निरक्षर शेतकऱ्याने दहापैकी तीन शब्द आठवले तर ते ठीक की चिंताजनक, हे डॉक्टरांना सांगणारे कोष्टक कोणीतरी तयार करायला हवे.

राष्ट्रीय पातळीवर अभ्यास चालू असताना स्थानिक कशाला, असेही कोणी म्हणेल. बेंगळुरूच्या मेंदू संशोधन केंद्राने कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपुरा तालुक्याची ग्रामीण माणसे आपल्या दीर्घकालीन अभ्यासासाठी निवडली, कारण ग्रामीण भारताचे उत्तर शहरात मिळत नाही हे त्यांनी ओळखले. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हैदराबादमध्ये स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या आणि २०१३ मध्ये दाखवले की, दोन भाषा बोलणाऱ्यांमध्ये हा विकार सरासरी साडेचार वर्षे उशिरा दिसू लागतो, आणि हा फरक निरक्षरांमध्येही आढळतो. घरी अहिराणी, कचेरीत मराठी आणि बाजारात हिंदी बोलणाऱ्या आपल्या माणसांविषयी हा प्रश्न विचारण्यासाठी लागणारी माहिती आपल्याच कपाटात पडून आहे.

या अभ्यासाने निव्वळ नोंदीच केल्या असेही नाही. मालेगावात यंत्रमागांच्या खडखडाटात उमेदीची वर्षे गेलेल्या काही जणांना शब्दांची यादी आठवत नव्हती. श्रवणाची तपासणी केल्यावर लक्षात आले की त्यांना यादी धड ऐकूच आलेली नव्हती. त्यानंतर आम्ही प्रत्येक चाचणीपूर्वी ऐकणे आणि दिसणे तपासू लागलो. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०२४च्या अहवालात स्मृतिभ्रंशाशी निगडित असे चौदा बदलता येण्याजोगे घटक दिले आहेत. त्यांत श्रवणदोष आहे, उपचार न झालेला दृष्टिदोष आहे, उच्च रक्तदाब, मधुमेह, नैराश्य आणि एकटेपण आहे, आणि हे सर्व घटक दूर करता आले तर सुमारे ४५ टक्के रुग्णांमधला विकार टाळता किंवा लांबवता येईल असा त्या आयोगाचा अंदाज आहे. जीवनसत्त्व बी-१२ची कमतरता, थायरॉइडचा विकार किंवा खोल नैराश्य यांमुळेही माणूस विसराळू दिसतो आणि उपचाराने सुधारू शकतो. घरचे लोक 'वयोमानाप्रमाणे होतंच' म्हणून सोडून देतात. आमच्या भेटींनंतर काही कुटुंबांनी आईला कानाचे यंत्र घेतले, काहींनी वडिलांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करून घेतली. संस्थेच्या ताळेबंदात या गोष्टी दिसणार नाहीत हे मला मान्य आहे.

खोलीविषयी एवढेच लिहिते की, तेथे संगणक प्रशिक्षण वर्ग काढण्याला माझा विरोध नाही. आपल्या विद्यार्थ्यांना रोजगार मिळायला हवा आणि जागा कमी आहे. आम्हाला कुलूपबंद कपाटे आणि एक टेबल ठेवता येईल असा कोपरा पुरेल.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत. तिसऱ्या फेरीला संस्थेने लेखी परवानगी द्यावी आणि ती येत्या उन्हाळी सुट्टीत सुरू होऊ द्यावी. त्या कामासाठी दोन संशोधन साहाय्यकांना सुट्टीचा काळ धरून पूर्ण बारा महिने मानधन मिळावे. बाहेरून निधी मिळवण्यासाठी भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेकडे मी अर्ज करीन, त्यावर संस्थेने विनाविलंब शिफारस आणि स्वाक्षरी द्यावी. सर्व कागदपत्रे नैतिकता समितीच्या देखरेखीखाली सुरक्षित ठेवावीत, त्यांचे संगणकीकरण करताना नावे आणि पत्ते वेगळे काढावेत, आणि त्यांची जबाबदारी एका निश्चित पदावरील व्यक्तीकडे लेखी सोपवावी. अभ्यासाविषयी कोणताही निर्णय घेण्यापूर्वी सहभागी व्यक्तींना त्यांच्या भाषेत कळवावे, आणि ज्येष्ठ नागरिक संघांच्या एक-दोन प्रतिनिधींना आपल्या बैठकीत बोलवावे. संस्थेअंतर्गत संशोधनाचे मूल्यमापन करताना चाचणीची रचना, क्षेत्रकाम आणि दीर्घकाळ जपलेली माहिती यांना स्वतंत्र गुण द्यावेत.

आणखी एक मागणी माझ्या निवृत्तीसंबंधी आहे. माझ्या सेवेची फार वर्षे उरलेली नाहीत आणि मला मुदतवाढ नको आहे. मात्र मी गेल्यानंतर हा अभ्यास कोणाकडे जाईल हे आत्ताच ठरवावे, त्या व्यक्तीला माझ्याबरोबर तिसऱ्या फेरीत काम करू द्यावे आणि विभागातले रिकामे पद भरण्याचा प्रस्ताव विद्यापीठाकडे आणि उच्च शिक्षण विभागाकडे पाठवावा. चौथी फेरी मी घेणार नाही. ती घेणारे माणूस या संस्थेतच तयार व्हावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

मे महिन्याच्या मध्यानंतर सुरगाणा आणि पेठमध्ये वळवाच्या पावसाने शेतीची कामे सुरू होतात आणि म्हातारी माणसेही घरी सापडत नाहीत, त्यामुळे त्या दोन तालुक्यांतली तपासणी एप्रिलमध्येच सुरू करावी लागते. आपल्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा आणि मला पंधरा मिनिटे बोलू द्यावे. बैठकीचा निर्णय काहीही झाला, तरी तो लेखी कळवावा. तो सहभागी व्यक्तींपर्यंत त्यांच्या गावी जाऊन मी स्वतः पोहोचवीन.

आपली विश्वासू,
मानसशास्त्र विभागातील एक सहयोगी प्राध्यापिका,
नाशिक